घोडखुरीची पावलं

चंद्रपूर शहराचा जन्म एका दुखण्यातून झाला, असं तिथली जुनी कथा सांगते. पंधराव्या शतकातला गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा अंगभर उठलेल्या गाठी-फोडांनी बेजार झाला होता. वैद्य झाले, मांत्रिक झाले, उतार पडेना. हवापालट म्हणून त्याने वर्धा नदीच्या काठी बल्लारपूर वसवलं, तरी अंगाची आग तीच. एके दिवशी शिकारीला निघालेला राजा तहानेने व्याकूळ होऊन झरपट नदीच्या कोरड्या पात्रात पाणी शोधू लागला. एका खळग्यात थोडं पाणी दिसलं. तो प्याला, त्याने हातपाय-तोंड धुतलं, आणि त्या रात्री कित्येक दिवसांनी त्याला गाढ झोप लागली. सकाळी राणीने पाहिलं तर अंगावरचे फोड ओसरू लागलेले. दोघं त्या जागी परत गेली. गवत-वाळू बाजूला सारल्यावर खडकात गाईच्या खुरांचे पाच ठसे दिसले, आणि प्रत्येक ठशात पाणी. कितीही उपसलं तरी न आटणारं.

त्या जागी अंचलेश्वराचं देऊळ झालं आणि पुढे तटबंदीचं शहर उभं राहिलं. मेजर ल्युसी स्मिथ यांच्या १८६९ च्या चांदा (आजचं चंद्रपूर) जिल्ह्याच्या जमाबंदी अहवालात ही कथा आलेली आहे आणि आजही ती शहरात घरोघरी सांगितली जाते. कथेत कुठल्याही झाडपाल्याचं नाव नाही. राजा बरा झाला तो पाण्याने. पण पाण्याने भरलेला खुराचा ठसा हे चित्र मनात धरून जिल्ह्यातल्या एखाद्या नाल्याच्या काठी पावसाळ्यात उभं राहिलं, तर पायाशी एक वनस्पती दिसते आणि तिचं मराठी नाव आठवतं: घोडखुरी.

बाजारात आणि वैद्यांच्या बोलण्यात तिला हंसराज म्हणतात. शाळेच्या पुस्तकात ज्याला नेचा म्हटलेलं असतं, त्या फूल-बी नसलेल्या कुळातली ती. श्रावणात, नाल्याच्या दरडीवर, ऊन न लागणाऱ्या बाजूला तिला जवळून बघावं. देठ दाभणासारखा बारीक, काळाभोर, तेल चोपडल्यासारखा चकचकीत. त्याच्या दोन्ही अंगांना अर्धचंद्राच्या आकाराची छोटी पानं, एक कड जवळजवळ सरळ, दुसरी गोल आणि थोडी कातरलेली. ओल्या चिखलातून शिंगरू चालत गेल्यावर उठावा तसा आकार. पानावर पाणी शिंपडलं तर थेंब ठरत नाही, पाऱ्यासारखा घरंगळतो. या कुळाचं शास्त्रीय नाव अ‍ॅडिअँटम, ते ज्या ग्रीक शब्दावरून आलं त्याचा अर्थच ‘न भिजणारा’. पान उलटं केलं की गोल कड आतल्या बाजूला दुमडलेली दिसते. तिच्याखाली तपकिरी भुकटी, म्हणजे बीजाणू. आणि देठाचं टोक वाकत वाकत मातीला टेकलं की तिथे मुळं फुटतात, नवं रोप उभं राहतं, त्याचंही टोक पुढे वाकतं. खुरांचे ठसे उमटवत ही वनस्पती दरडीवरून पाऊल पाऊल पुढे जाते. ज्याने कुणी तिला घोडखुरी म्हटलं, त्याने पानाचा आकार पाहिला होता. तिची चालही पाहिली असणार.

लिनियसने १७५३ मध्ये तिला फिलिपिन्सचं नाव जोडलं, बर्मनने १७६८ मध्ये चंद्रकोरीचं. पण त्याच्या कितीतरी आधी ती संस्कृत ग्रंथांत हंसपदी म्हणून येऊन गेली होती. तिथेही पाऊलच, फक्त हंसाचं. चरकसंहितेत घशाला हितकर अशा दहा औषधांचा गट सांगितला आहे; त्यात ज्येष्ठमध, पिंपळी, मनुका, रिंगणी यांच्या पंगतीला हंसपदी बसली आहे. सुश्रुताच्या विदारिगंधादी गणातही तिचं नाव आहे. युनानी हकीम तिच्या जवळच्या बहिणीला परसियावशां म्हणतात आणि खोकल्या-पडशाच्या काढ्यात घालतात. तीच बहीण युरोपात अठराव्या शतकात सरबतासारखी पिऊन टाकली जात होती. फ्रान्समध्ये ‘कापिलेर’ नावाचा पाक छातीच्या विकारांवर म्हणून सुरू झाला आणि मग चवीसाठीच लोकप्रिय झाला. विदर्भातला वैदू, दिल्लीचा हकीम आणि पॅरिसचा औषधवाला यांनी एकमेकांना कधी पाहिलं नसेल, तरी काळ्या देठाची ही वनस्पती तिघांनीही घशाला आणि छातीलाच लावली.

काळ्या देठावरून आणखी एक समजूत जगभर पसरली. केसांसारखी दिसते, तर केसांना चांगली असणार. लॅटिनमध्ये हिच्या बहिणीचं नाव व्हीनस देवीच्या केसांवरून पडलं. आपल्याकडेही केस गळण्यावर तिचा उल्लेख होत राहिला. रूपावरून गुण ठरवायची ही पद्धत जुनी आहे आणि ती बऱ्याचदा फसते. घशाच्या उपयोगाचा धागा मात्र रूपातून निघत नाही. तो अनुभवातून आला असावा, असं मानायला जागा आहे.

घरगुती उपयोगांची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईत झाली. डिमॉक, वॉर्डन आणि हूपर यांच्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या तीन खंडांच्या ग्रंथात (१८९० ते १८९३) पश्चिम हिंदुस्थानातले नेचे त्यांच्या देशी नावांसह आले. लहान मुलांच्या तापात घोडखुरीची पानं पाण्यात वाटून साखरेबरोबर देण्याची गुजरातेतली चाल त्या काळच्या औषधग्रंथांत नोंदलेली आहे. धावऱ्यावर, म्हणजे लाल होऊन पसरत जाणाऱ्या कातडीच्या सुजेवर, गेरूबरोबर लेप देण्याचीही रीत होती. फोडांनी पोळलेल्या खांडक्या राजाला असा गार लेप कुणी लावला असता तर तो त्याने नाकारला नसता. पण इथे कथेत भर घालण्याचा मोह आवरायलाच हवा.

चंद्रपूरकडे पाण्याची आणखी एक कथा आहे, ताडोब्याच्या तळ्याची. १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, त्याच्या कितीतरी आधीपासून हे तळं देवस्थान होतं. एक वऱ्हाड रानातून चाललं होतं, तहानेने कासावीस झालं. नवरा-नवरीने जमीन उकरली, झरा उसळला, आणि पाणी इतकं वाढलं की अख्खं वऱ्हाड त्यात बुडालं. मग तळ्याकाठी एक ताड उगवला. दिवसा तो वर यायचा, तिन्हीसांजेला जमिनीत जायचा. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनीही ही कथा लिहून ठेवली.

आता नेच्यांची मराठी नावं बघावीत. खडकाच्या आणि जुन्या दगडी भिंतींच्या फटीत बोटभर उंचीचा एक नेचा उगवतो, हुबेहूब ताडाच्या पंख्यासारखा. त्याचं नाव भुईताड. संस्कृतात मयूरशिखा, मोराचा तुरा. ऊन चढलं, ओल संपली की तो आपली पानं मुडपून घेतो, मेल्यासारखा पडून राहतो. पावसाची सर आली की परत उलगडतो. वर येणारा आणि खाली जाणारा ताड. झाडांवर आणि कातळांवर वाढणारा दुसरा एक नेचा आहे, त्याचं नाव बाशिंग, काही ठिकाणी वांदरबाशिंग. वऱ्हाडातल्या नवरदेवाच्या कपाळावर जे असतं तेच. कथेतला खूर, कथेतलं वऱ्हाड, कथेतला ताड, आणि इकडे घोडखुरी, बाशिंग, भुईताड. एकावरून दुसरं आलं असं म्हणायला पुरावा नाही आणि तसं म्हणायचंही नाही. एवढं खरं की ज्या समाजाने या कथा रचल्या-सांगितल्या त्याच्याच रोजच्या डोळ्यांसमोरच्या वस्तूंतून ही नावं निघाली: जनावराचा खूर, लग्नाचा साज, ताडाचं झाड. औषध लक्षात ठेवायचं तर आधी नाव लक्षात राहायला हवं, आणि लिहिता न येणाऱ्या माणसाने ते काम चित्रांवर सोपवलं.

बाशिंगाचं एक वैशिष्ट्य सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्याला दोन प्रकारची पानं असतात. एक लांब, हिरवी, बीजाणू धरणारी. दुसरी आखूड, रुंद, लवकरच वाळून तपकिरी होणारी आणि तरीही न गळणारी. ही वाळकी पानं खोडाला बाशिंगासारखी चिकटून उभी राहतात आणि वरून पडणारा पालापाचोळा अडवतात. त्याचं खत होतं आणि त्यातच या नेच्याचं केसाळ, जाडजूड मूळखोड पोसलं जातं. वैद्य वापरतात ते हे मूळखोड, सांधेदुखीवर आणि मुका मार लागल्यावर. चिनी वैद्यकात याच्या भावंडाला जे नाव आहे त्याचा अर्थ ‘मोडलेलं हाड सांधणारा’ असा होतो. सह्याद्रीत बाशिंग भरभरून दिसतो. पूर्व विदर्भाच्या कोरड्या सागवनात त्याची चैन नाही. त्याला ओल हवी, सावली हवी. ‘गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण उतावळ्या नवऱ्याची, पण झाडाच्या बुंध्याला गुडघ्याएवढ्या उंचीवर हा नेचा चिकटलेला पाहिला की म्हणीतलं चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं.

भुईताडाची कीर्ती वेगळी. जंतांवर आणि रक्त थांबवायला तो वापरला जाई. त्याखेरीज मूल होण्यासाठी स्त्रियांना देण्याच्या औषधांत मयूरशिखेचं नाव येतं. भावप्रकाशात मयूरशिखा पित्त, कफ आणि अतिसार यांवर सांगितली आहे. फक्त मयूरशिखा म्हणजे नक्की कोणती वनस्पती, यावर वैद्यांचं एकमत झालेलं नाही. कोंबड्याच्या तुऱ्यासारखं फूल असणाऱ्या झाडालाही हे नाव दिलं गेलं. हंसराजाचंही तसंच. पुड्यांच्या दुकानात हंसराज मागितला तर हिमालयातला एक, मैदानातला दुसरा, परसियावशां म्हणून तिसरा, यांपैकी काहीही हाती पडू शकतं. जंगलात नाव वनस्पतीला घट्ट बांधलेलं असतं, कारण सांगणारा बोट दाखवून सांगतो. वाळवून पोत्यात भरली की नाव सुटतं.

नावाबरोबर रीतही सुटली तर काय होतं याचं एक उदाहरण फार दूरचं आहे, पण गडचिरोलीच्या धानाच्या बांधीत उभं राहून ते समजतं. बांधीच्या आणि बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाण्यात चार पानांचा एक पाणनेचा तरंगतो, त्याला संस्कृतात सुनिषण्णक म्हणतात. त्याचाच एक भाऊ ऑस्ट्रेलियात ‘नार्डू’ नावाने ओळखला जातो. १८६१ मध्ये बर्क आणि विल्स हे गोरे प्रवासी कूपर क्रीक या नदीकाठी अडकले तेव्हा तिथल्या यांड्रुवांधा लोकांचं पाहून ते नार्डूची भाकर खाऊ लागले. त्या लोकांची दळण्या-भाजण्याची, पाण्यात कालवण्याची पद्धत मात्र त्यांनी नीट उचलली नाही. या नेच्यात बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं; पोट भरत राहिलं आणि माणसं खंगत गेली. दोघेही मेले. त्यांचा सोबती जॉन किंग वाचला, कारण यांड्रुवांधांनी त्याला आपल्यात घेऊन जेवू घातलं. नेच्यांची औषधं अंदाजाने घ्यायची नसतात, ती यामुळे. काही जातींत विषारी द्रव्यं आहेत, आणि प्रयोगशाळेतल्या बशीत जंतू मारणारा अर्क माणसाच्या पोटात तसंच काम करील असं नसतं.

चांद्याच्या नेच्यांच्या इतिहासात एक माणूस अनपेक्षितपणे येतो. स्टीफन हिस्लॉप, १८४५ मध्ये नागपुरात आलेला स्कॉटिश मिशनरी. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. त्याला दोन वेड होती. एक दगडांचं. नागपूर-कामठीच्या खाणींतून त्याने पानांचे ठसे असलेले दगड गोळा केले. बनबरी या इंग्रज अभ्यासकाने १८६१ मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. दक्षिणेला चांद्याच्या मुलखात मांगलीच्या दगडात सापडलेल्या एका प्राचीन उभयचराची कवटीही त्याच्याच संग्रहातून रिचर्ड ओवेन या नामवंत शास्त्रज्ञापर्यंत पोहोचली. ठशांपैकी सर्वांत ठळक पान ग्लॉसोप्टेरिसचं. या नावाचा अर्थ ‘जिभेसारखा नेचा’. तो खरा नेचा नव्हता, बी धरणारं झाड होतं, हे पुढे कळलं. याच झाडांच्या राशींचा कोळसा झाला. वरोऱ्याला १८७१ ते १९०६ अशी खाण चालली, घुग्घुस-बल्लारपूरकडे आजही चालते. स्कॉटच्या तुकडीने १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवाहून परतताना मरणाच्या दारातही जे दगड टाकून दिले नाहीत, त्यांतही हीच पानं निघाली. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका एकेकाळी जोडलेले होते याचा तो पुरावा, आणि त्या जुन्या भूखंडाला नाव मिळालं ते गोंडांच्या मुलखावरून: गोंडवन.

हिस्लॉपचं दुसरं वेड गोंडांच्या कथा-गाण्यांचं. गोंडांचा पुराणपुरुष लिंगो, त्याची कथा त्याने ऐकून ऐकून टिपली. १८६३ मध्ये नागपूरजवळ एका पुराच्या नाल्यात तो बुडाला. त्याची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून काढली. दगडातल्या पानांचे ठसे आणि तोंडातल्या कथांचे ठसे एकाच माणसाने एकाच मुलखातून वेचले, ही गोष्ट विदर्भात जितकी माहीत असायला हवी तितकी नाही. दगडात मेलेली पानं त्याने लंडनपर्यंत पोहोचवली. त्याच रानातल्या हिरव्या पानांची औषधं मात्र त्या काळी कुणी इतक्या निगुतीने टिपली नाहीत.

याचं कारण हिशेबाच्या वह्यांत आहे. जंगल सरकारजमा झाल्यावर, विशेषतः १८७८ च्या वन कायद्यानंतर, ज्याला दाम होता त्याचीच मोजदाद झाली. अहेरी जमीनदारीतला सागवान, बांबू, लाख, मोह, हिरडा, पुढे तेंदूपत्ता. विसाव्या शतकात बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे बांबूच्या गाड्या लागल्या. घोडखुरीचा कधी लिलाव झाला नाही, तिच्यावर कधी परवाना निघाला नाही. म्हणून तिच्याविषयी कागद नाहीत. जे आहे ते वैदूच्या, पुजाऱ्याच्या आणि सगळ्यांत जास्त बायकांच्या बोलण्यात.

बायकांच्या बोलण्याचं मोल गडचिरोलीत एका कामाने दाखवून दिलं. जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून त्यांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि त्याआधी अशी डॉक्टरी तपासणी झालेल्या बायका जेमतेम ८ टक्के. मग इतकी वर्षं या बायका करत काय होत्या? सोसत होत्या, आणि रानातून मिळेल ते मूळ, साल, पाला वापरत होत्या. राणी बंग यांच्या ‘गोईण’ या पुस्तकात या बायका आणि झाडं यांचं नातं आलं आहे. गोईण म्हणजे मैत्रीण. झाडाकडे दुखणं सांगायला लाज वाटत नाही. मयूरशिखेसारखी वनस्पती बाळंतपण-वांझपणाच्या औषधांत का शिरली असेल, तिच्या अंगी तो गुण असो वा नसो, हे त्या ९२ टक्क्यांकडे पाहिलं की उमगतं. जिथे दुसरं दार उघडं नव्हतं तिथे औषधापेक्षा आशा मोठी होती.

भुईताड जुन्या दगडी भिंतींत राहतो, म्हणून चंद्रपूरच्या तटाचीही गोष्ट इथे सांगायला हवी. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर या चार वेशींच्या किल्ल्यावर झाडं-झुडपं माजली होती. २०१७ पासून ‘इको-प्रो’ संस्थेच्या कार्यकर्त्यांनी महिनोन्महिने श्रमदान करून तो मोकळा केला. वड-पिंपळाची मुळं चिरे फोडतात. ती काढणं आवश्यकच होतं. अशा भिंतींच्या सांध्यांत राहणारा भुईताड मात्र चिऱ्याला धक्का लावत नाही. त्याला फटीतली चिमूटभर माती पुरते.

आज घोडखुरीला पहिल्यांदाच कायद्यात जागा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजाच्या व्याख्येत बांबू, तेंदू, मध, लाख यांच्याबरोबर औषधी वनस्पती, मुळं आणि कंद घातले, आणि त्यांच्यावर गोळा करणाऱ्यांचा हक्क मान्य केला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांदा मिळालेल्या गावांपैकी ते एक. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने २०१२ मध्ये हक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडायचा नाही असं ठरवलं, कारण त्यासाठी फांद्या छाटल्या जातात आणि आगी लावल्या जातात. आगीचा हा निर्णय नेच्यांसाठी फार मोलाचा आहे. सागाचं झाड वणव्यातून उभं राहतं. नाल्याच्या दरडीवरचं बोटभर मूळखोड नेहमीच तग धरतं असं नाही. आलापल्लीजवळचं ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ हे जुनं राखीव वन २०१४ मध्ये जैवविविधता वारसास्थळ झालं. तिथे लोक येतात ते सागाचे प्रचंड बुंधे बघायला, माना वर करून.

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावागावांनी लोकजैवविविधता नोंदवह्या करायच्या आहेत. माधव गाडगीळ यांनी ही कल्पना रुजवली. नोंदवहीसाठी माणसं बहुधा सवडीच्या दिवसांत, उन्हाळ्यात जंगल फिरतात. तेव्हा घोडखुरी दिसत नाही. दिवाळीनंतर तिची पानं पिवळी पडतात, झडतात. मागे राहतात ते चार काळे देठ, वाळक्या काड्यांत न ओळखू येणारे. भुईताड मुठी मिटून बसलेला असतो. ज्या गावाला आपल्या वहीत ही नावं लिहायची असतील त्याने रोवणी आटोपल्यावर, श्रावण-भाद्रपदात, नाल्याने चालत जावं, आणि बरोबर गावातली एखादी म्हातारी असावी.